पाण्याला खिडकी

तारापूर या नांवाशीं आपल्याकडील सुशिक्षित घरांचा परिचय बहुधा तीन वाटांनीं झालेला असतो. इतिहासाची गोडी असणाऱ्यांना १७३९ सालची वसईची मोहीम आठवते. चिमाजी आप्पांच्या फौजेनें तारापूरचा कोट घेतला त्या प्रसंगीं बाजी भिवराव रेठरेकर कामास आले. विज्ञानाची गोडी असणाऱ्यांना १९६९ सालीं तेथें सुरू झालेलें अणुवीजकेंद्र ठाऊक असतें. आणि या दोहोंपैकीं कशाचीच गोडी नसली, तरी घरांत लहान मुलें असणाऱ्यांना मुंबईचें तारापोरवाला मत्स्यालय ठाऊक असतें. मरीन ड्राइव्हवर १९५१ सालीं उघडलेलें हें मत्स्यालय ज्या पारशी दात्याच्या देणगीच्या आधारानें उभें राहिलें, त्याच्या आडनांवांत हेंच तारापूर दडलेलें आहे. २०१५ सालीं त्याचा जीर्णोद्धार झाला, बारा फूट लांबीचा पारदर्शक बोगदा त्यांत बसविण्यांत आला आणि मुलांच्या डोक्यावरून मासे पोहूं लागले. पुढें २०२० च्या साथींत त्याचीं दारें बंद झालीं.

या तारापुराहून कांहीं मैल आंत, बोईसर स्थानकाच्या पूर्वेस, चिल्हारकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आसमंतांत बेटेगांव आहे. तेथें माझ्या मामेभावांचें एकत्र कुटुंब राहतें, आणि त्या घरांत वर्षभर एका तावदानावरून वाद चालला होता. तो वाद ऐकण्यास व जमल्यास मिटविण्यास मला बोलावणें आलें, म्हणून हा प्रवास घडला.

जाण्यास आतां फारसे सायास पडत नाहींत. २०१३ पासून लोकल गाडी डहाणूपर्यंत धांवूं लागली आहे. विरार सुटलें कीं मुंबईचा धाक संपतो. वैतरणेचे पूल येतात, खाडीच्या कडेचीं तिवरें दिसतात. मग सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी अशीं स्थानकें एकामागून एक येतात. पालघरास १९४२ च्या ऑगस्टांत गोळीबारांत पांच जण हुतात्मे झाले. २०१४ पासून तें जिल्ह्याचें ठिकाण झालें आहे. बोईसरास उतरल्यावर पश्चिमेकडे तारापूरच्या औद्योगिक वसाहतीचीं धुराडीं आणि पूर्वेकडे शेतें, असा पूर्वीं सरळ भेद असे. आतां पूर्वेलाहि नोकरदारांच्या मोठमोठ्या वसाहती उठल्या आहेत. बेटेगांवाच्या नांवांत बेट असलें तरी त्यास चोहोंबाजूंनीं पाणी नाहीं. आषाढांत भातखाचरें तुडुंब भरलीं म्हणजे मात्र नांव सार्थ वाटूं लागतें.

मामेभावांचें घर जुन्या ओटीचें असून त्यास मागल्या बाजूनें नवा दिवाणखाना जोडावयाचा बेत होता. थोरल्या भावाचा मुलगा एका कारखान्यांत अभियंता आहे. त्यानें या दिवाणखान्याची एक अख्खी भिंतच पाण्याची करण्याचें मनांत घेतलें. हौद पांच मीटर लांब, तीन मीटर रुंद व दोन मीटर खोल. आणि समोर एकच अखंड तावदान, मध्यें खांब नाहीं कीं सांधा नाहीं. धाकट्या भावाचें म्हणणें, एवढा पैसा मुलींच्या शिक्षणास ठेवावा. घरांतील मुलें अर्थातच पुतण्याच्या पक्षाचीं. मामी शहाऐंशी वर्षांच्या आहेत, त्यांनीं तोंवर एकच प्रश्न विचारला होता : “अरे, एवढें पाणी घरांत आणायचें, तें बाहेर आलें तर?”

हा प्रश्न भाबडा नव्हे. हौदाच्या खर्चाचें, काचेच्या निवडीचें आणि झोपेचें सगळें गणित त्यांतच आहे. पांच, तीन आणि दोन मीटरांचा गुणाकार तीस घनमीटर. म्हणजे तीस हजार लिटर, म्हणजेच तीस टन पाणी. आतां पुष्कळांची अशी समजूत असते कीं, हौद जितका लांबरुंद तितका काचेवर ताण अधिक. पाण्याला लांबीरुंदीची पर्वा नसते. त्याला फक्त खोली समजते. एक मीटर खोलीवर दर चौरस मीटरास सुमारें एक टन दाब, दोन मीटरांवर दोन टन. मग पलीकडे हात भर पाणी असो वा समुद्र असो. वर दाब शून्य आणि तळाशीं दोन टन, म्हणून सरासरी एक टन धरला, तर पांच मीटर लांब व दोन मीटर उंच अशा त्या तावदानावर दहा टनांचा रेटा अहोरात्र राहणार. वाऱ्याचा झोत येतो आणि जातो. पाणी मात्र रात्रीं आपण निजलों तरी ढकलीतच असतें. आणि खोली दुप्पट केली तर हा रेटा दुप्पट न होतां चौपट होतो. मीं पुतण्यास हें पाटीवर मांडून दाखविलें. त्याला तें ठाऊकच होतें. पण घरांतल्या इतरांना तें त्यानें सांगितलें नव्हतें!

पुढचा प्रश्न तावदान कशाचें करावें हा. आपल्या पिढ्यांना काचेची अपूर्वाई वाटे, कारण ती विलायतेहून येई. पैसा फंडाच्या पैशांपैशांनीं तळेगांवास १९०८ सालीं काचकारखाना निघाला, ओगल्यांचा प्रभाकर कंदील घरोघर लागला, तेव्हां कोठें काच आपली झाली. पण बरणी किंवा कंदिलाची चिमणी निराळी आणि माणसाच्या उंचीची सपाट, निर्दोष काच निराळी. पूर्वीं अशी काच ओतून मग दोन्ही बाजूंनीं घांसून गुळगुळीत करीत. इंग्लंडांत पिल्किंग्टन यांनीं वितळलेल्या कथलावर काचरस तरंगत ठेवून सपाट काच करण्याची युक्ति १९५९ सालीं जाहीर केली आणि तो सारा खटाटोप संपला. आज अशी काच तळोज्यास होते, अंकलेश्वराजवळ होते. आणि बेटेगांव नेमकें त्या दोहोंच्या मधल्या हमरस्त्यालगत आहे. कारखान्यांतून निघणारा पूर्ण तक्ता सहा मीटर लांब व तीन मीटरांहून थोडा अधिक रुंद असतो. तेव्हां माप मिळण्याची अडचण नव्हती. अडचण जाडीची होती. बाजारांत सामान्यतः एकोणीस मिलिमीटरपर्यंत जाडीची काच मिळते आणि दहा टनांना ती एकटी पुरत नाहीं. मग दोन-तीन काचा मधल्या चिवट पापुद्र्यानें एकजीव कराव्या लागतात; हिलाच व्यापारी लॅमिनेटेड काच म्हणतात. तिचा गुण असा कीं एक थर तडकला तरी दुसरे पाणी धरून राहतात आणि हौद उपसण्यास अवधि मिळतो. टफन्ड काच बळकट खरी, पण फुटली म्हणजे एका क्षणांत सगळीच्या सगळी खडीसाखरेसारखी ढासळते. शिवाय ती एकदां कडक केल्यावर कापतां येत नाहीं. घरच्या हौदास ती एकेरी लावूं नये असें माझें स्पष्ट मत आहे.

काचेचा आणखी एक अवगुण तिच्या कडेवरून दिसतो. साध्या काचेंत लोहाचा अंश असतो, त्यामुळें जाडी वाढली कीं हिरवी झांक येते आणि पांढरा मासा शेवाळलेला दिसूं लागतो. कमी लोहाची काच घेतल्यास तो दोष जातो, मात्र किंमत चढते.

दुसरा पर्याय अॅक्रिलिकचा. हा पदार्थ काचेच्या निम्म्याहूनहि हलका आहे. त्याचा वक्रीभवनांक १.४९, पाण्याचा १.३३ आणि काचेचा सुमारें १.५२; म्हणजे तो पाण्याला काचेहून थोडा जवळचा. तो जाड केला तरी हिरवा पडत नाहीं, ओरखडा उठला तर घांसून घालवितां येतो. जगांतील मोठमोठीं मत्स्यालयें म्हणूनच त्याच्याकडे वळलीं. जपानच्या ओकिनावा बेटावर २००२ सालीं उघडलेल्या चुराउमी मत्स्यालयाचें तावदान साडेबावीस मीटर लांब, आठ मीटरांहून उंच आणि साठ सेंटिमीटर जाड आहे. अनेक तक्ते एकमेकांस जोडून तें केलें असून त्यापलीकडे देवमाशाएवढे शार्क फिरतात. आपल्याकडे वडोद्यास अॅक्रिलिकचे तक्ते तयार होतात, मुंबईंत कापून जोडून देणारे कारागीरहि आहेत. पण मोठ्या हौदाचें जाड तावदान म्हणजे दुकानाची पाटी नव्हे. जोडल्यानंतर तें भट्टींत हलके हलके तापवून तितक्याच सावकाशीनें निववावें लागतें, नाहींतर आंतला ताण वर्षा-दोन वर्षांनीं बारीक चिरांच्या जाळ्याच्या रूपानें बाहेर पडतो. तेव्हां विकत घेणाऱ्यानें भाव विचारण्यापूर्वीं तापविण्याची भट्टी किती लांबीची आहे हें विचारावें. या एका प्रश्नानें निम्मे विक्रेते गळतात. शिवाय अॅक्रिलिक उष्णतेनें काचेच्या सुमारें आठपट फुगतें. तीन मीटरांचें तावदान दहा अंशांच्या फरकांत दोन मिलिमीटर वाढतें. त्याला चौकटींत जागा ठेवली नाहीं तर तें आपली जागा स्वतःच करून घेतें. आणि मोलकरणीनें वा सुनेनें स्पिरिटाच्या बोळ्यानें पुसलें तर त्याच्या अंगावर भेगा उमटतात, हेंहि घरांत सर्वांना सांगून ठेवावें लागतें.

बर्लिनचें उदाहरण पुतण्याला तोंडपाठ होतें आणि तें तो आपल्या बाजूनें सांगे कीं, तेथें चौदा मीटर उंचीचा अॅक्रिलिकचा वर्तुळाकार हौद जवळजवळ वीस वर्षें उभा होता. पुढचें मला सांगावें लागलें. १६ डिसेंबर २०२२ रोजीं पहांटे सहाच्या आधीं तो फुटला, दहा लाख लिटर पाणी हॉटेलांतून रस्त्यावर गेलें आणि सुमारें दीड हजार माशांपैकीं बहुतेक सर्व मेले. वेळ पहांटेची होती म्हणूनच माणसें वांचलीं. तज्ज्ञांनीं तुकडे तपासले, सांध्यांवर संशय घेतला, मध्यंतरीं दुरुस्तीसाठीं हौद रिकामा ठेवल्यावरहि संशय घेतला. पण निश्चित कारण कोणालाच सांगतां आलें नाहीं.

एवढें ऐकल्यावर मामींनीं आपला प्रश्न पुन्हां विचारला; पण या खेपेस त्यांत एक शब्द अधिक होता : “आणि भूमि हलली तर?”

ज्यांना या जिल्ह्याची माहिती नाहीं त्यांना हें म्हाताऱ्या माणसाचें भय वाटेल. येथें तें तसें नाहीं. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू व तलासरी तालुक्यांत, धुंदलवाडीच्या परिसरांत, भूकंपाच्या लहान लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ रोजीं ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. त्या हिंवाळ्यांत लोक घरें सोडून तंबूंत निजले. बेटेगांव त्याच्या दक्षिणेस असलें तरी फडताळांतलीं भांडीं किणकिणलेलीं या घरानें ऐकलीं आहेत. आणि धक्क्यांत हौदाचें काय होतें, हें परातींत पाणी घेऊन चालणाऱ्या कोणत्याहि गृहिणीस ठाऊक आहे. पाणी स्थिर राहत नाहीं; एका कांठावर चढतें, मग दुसऱ्या. लांब व मोकळ्या हौदांत ही लाट मोठी होते, आणि तावदानाच्या कडा दगडी चौकटींत घट्ट रुतलेल्या असल्या तर तडा तेथूनच जातो. पुतण्या गप्प बसला. तो हट्टी आहे, पण अभियंताहि आहे.

दुसऱ्या दिवशीं मीं सुचविलें कीं, माशांचें घर बांधण्यापूर्वीं माशांच्या एका जुन्या घरीं जाऊन यावें. मोटारींत जितके मावले तितके निघालों. चिल्हार फाट्यास महामार्ग लागतो. तेथून मनोरवरून वाड्याकडे वळलों. हा प्रदेश वाडा कोलम तांदळाचा. वाड्यापुढें तिळसे येथें वैतरणेच्या पात्रांत तिळसेश्वर महादेवाचें स्थान आहे, आणि त्या डोहांत महसीर जातीचे मोठे मासे देवाचे म्हणून राखलेले आहेत. कोणी त्यांना मारीत नाहीं. पायरीवर बसून चुरमुरे टाकले कीं करड्या पाठी वर येतात, पाणी ढवळतें आणि पुन्हां सारें स्वस्थ होतें. तेथें तावदान नाहीं, चौकट नाहीं, विजेचा पंप नाहीं. मामींनीं हात जोडले आणि बराच वेळ पाहत बसल्या.

पण खरें सांगावयाचें तर तेथें माशाची पाठच दिसते. पोट, पंखांची वल्ह्यासारखी हालचाल, कल्ल्यांची उघडझांप, डोळा यांतलें कांहीं दिसत नाहीं. माणसानें हजारों वर्षें मासा असाच वरून पाहिला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयानें १८५३ सालीं काचेच्या हौदांचें घर उघडलें तेव्हां लोकांची जी झुंबड उडाली ती माशांसाठीं नव्हती, मासे त्यांनीं ताटांत रोज पाहिले होते; ती या बाजूच्या दर्शनासाठीं होती. माझ्या एका लहान नातीनें तिळशाच्या पायरीवर पोटावर झोपून डोळे पाण्याला टेकविण्याचा प्रयत्न केला, तेव्हां तावदान असावें या पक्षास मीं मनांतून माझें मत दिलें.

परत येतांना वाटेंत हंडे घेऊन चाललेल्या बाया दिसल्या. सूर्या नदीवर धामणीचें धरण याच जिल्ह्यांत आहे. तिचें पाणी वसई-विरारच्या शहरांकडे जातें आणि इकडील पाड्यांवर उन्हाळ्यांत हंड्यासाठीं पायपीट होते. धाकटा भाऊ एवढेंच म्हणाला, “दादा, तीस हजार लिटर म्हणजे असे किती हंडे होतील?” कोणी हिशेब केला नाहीं. मात्र त्या रात्रीं जेवणानंतर नकाशा पुन्हां जमिनीवर पसरला गेला, आणि या वेळीं सुनाहि येऊन बसल्या.

प्रथम खोली कमी झाली : दोन मीटरांची एक मीटर वीस सेंटिमीटर. त्यानें पाणी अठरा हजार लिटरांवर आलें आणि समोरचा रेटा दहा टनांवरून साडेतीन टनांच्या आसपास उतरला. खोली गेली म्हणून शोभा जात नाहीं, कारण पाण्यांत पाहणाराला सर्व वस्तु पाऊण अंतरावर दिसतात, मासा एक तृतीयांशानें मोठा भासतो, आणि दृष्टीला उंचीपेक्षां लांबी अधिक सुखावते. पाणी विहिरीचेंहि नको आणि नळाचेंहि नको असें ठरलें. शंभर चौरस मीटर छपरावर अठरा सेंटिमीटर पाऊस पडला कीं हौद भरतो, आणि पालघर तालुक्यांत एका पावसाळ्यांत दोन मीटरांहून अधिक पाऊस पडतो. समुद्राच्या पाण्याची कल्पना पुतण्यानें आपण होऊन सोडली. औद्योगिक वसाहतीचें सांडपाणी नवापूरच्या बाजूस समुद्रांत जातें. मासेमारीवर जगणाऱ्या मांगेला समाजाच्या संस्थेला त्यासाठीं हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागावी लागली. तें पाणी आणून मासे ठेवणें हें मासे मारण्याचाच एक प्रकार झाला असता.

राहिला अखंड तावदानाचा मोह. तो थोरल्या सुनेनें सोडविला. ती म्हणाली, “वाड्याच्या ओसरीला तीन कमानी असतात, म्हणून कोणाला अंगण तुटक दिसतें का?” पांच मीटरांच्या एका तावदानाऐवजीं दीड दीड मीटरांचीं तीन, मध्यें काँक्रीटचे दोन खांब, उरलेली लांबी खांबांत आणि कडांत जाते. मोकळें अंतर दुप्पट झालें तर त्याच जाडीची काच सोळापट वांकते, म्हणून अंतर तोडण्यानें जो लाभ होतो तो जाडी वाढवून सहसा होत नाहीं. दीड मीटरांचें तावदान चार माणसें उचलतात, दारांतून आंत येतें, आणि एक बिघडलें तर तेवढेंच बदलतां येतें. अखंड तावदानासाठीं भिंत बांधण्यापूर्वीं तें आंत आणून ठेवावें लागलें असतें आणि पुढें बदलतांना घर पाडावें लागलें असतें. लॅमिनेटेड, कमी लोहाची काच ठरली. जाडीचा हिशेब बांधकामाच्या अभियंत्याकडून लेखी घ्यावयाचा. हौशी लोक काचेच्या मोडण्याच्या बळाच्या ३.८ वा भागच वापरतात. येथें भूमि हलते म्हणून त्याहून कमीच वापरावा असें ठरलें.

बसविण्याच्या रीतीविषयीं थोडें लिहितों, कारण बहुतेक हौद काचेमुळें नव्हे तर चौकटीमुळें जातात. तावदान बाहेरून लावूं नये. आंतून, पाण्याच्या बाजूनें चौकटीच्या ओठावर टेकवावें, म्हणजे पाणीच त्याला जागेवर दाबून धरतें. काच आणि काँक्रीट यांची गांठ कोठेंहि पडतां कामा नये. खालीं रबराच्या पट्ट्या, सभोंवार सिलिकोन. ज्या सिलिकोनास शिरक्याचा वास येतो तें मोठ्या कामास टाळावें. कडा घांसून गुळगुळीत असाव्यात, कारण मोठी चीर बहुधा कडेवरच्या टवक्यापासूनच निघते. काच ट्रकांतून उभीच आणावी, आडवी कधीं नव्हे. आणि नव्या सिमेंटाचें पाणी क्षारट असतें, म्हणून आंतून लेप देऊन, पाणी दोन-तीनदां बदलून मगच मासे सोडावेत.

खिडकी जमिनीपासून किती उंच असावी याचा निर्णय राहिला होता. पुतण्याच्या नकाशांत ती उभ्या माणसाच्या छातीशीं होती. मामींनीं आपली वेताची खुर्ची त्या जागीं मांडावयास सांगितली आणि त्या बसल्या. पुतण्यानें भिंतीवर वर्तमानपत्राचे कागद तावदानाच्या मापाचे चिकटविले. दोनदां कागद खालीं आले. शेंवटीं तळकड जमिनीपासून एक हात उंचीवर ठरली. ती मामींच्या खुर्चीला जशी बेताची आहे तशीच पोटावर लोळणाऱ्या मुलांच्या हनुवटीलाहि.

काच दिवाळीनंतर येईल. काँक्रीटला अठ्ठावीस दिवस पाणी द्यावयाचें आहे, आणि नंतर हौद एकदम न भरतां रोज एक वीत भरावयाचा, प्रत्येक तावदानासमोर दोरी ताणून काच किती फुगते तें वहींत मांडावयाचें. भरल्यावर एक महिना नुसतें पाणी राहील. वही मांडण्याचें काम धाकट्या भावानें मागून घेतलें आहे.